पूल न बांधणारा मेव्हणा

माझ्या मेव्हण्याचे लग्न आतापर्यंत तीनदा जमता जमता मोडले, आणि त्यांतले एक तर चक्क पुलावरून मोडले. पत्रिका, उंची, टक्कल, गावाकडची शेती या कारणांवरून स्थळे फिसकटतात हे मी ऐकून होतो; पण पूल हे कारण आमच्या दोन्ही घराण्यांत नवीनच होते.

त्याचे असे झाले. मुलीचे वडील सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. पोह्यांच्या बशा फिरल्यावर त्यांनी विचारले, ‘‘मुलगा काय करतो?’’ सासूबाईंनी महिनाभर घोकलेले उत्तर एका दमात सांगून टाकले, ‘‘इन्फ्रास्ट्रक्चर इंजिनिअर आहे. चाकणला.’’

गृहस्थांचा चेहरा उजळला. ‘‘अरे वा! म्हणजे आमच्याच लायनीतले. सध्या कुठला पूल चालू आहे?’’

आता इथे दुसरा कोणी असता तर एखादा पूल बांधून मोकळा झाला असता. लग्नाच्या बैठकीत लोक याहून मोठमोठी बांधकामे करतात. पण आमचा मेव्हणा पडला सत्यवचनी.

‘‘पूल नाही. मी सर्व्हर सांभाळतो, कंपनीचे.’’

‘‘म्हणजे नेमकं काय करता?’’

‘‘ते बंद पडू देत नाही.’’

‘‘आणि पडले तर?’’

‘‘परत चालू करतो.’’

त्या गृहस्थांनी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्या नजरेने मी आजवर फक्त लिफ्टमनकडे पाहिलेले आहे. आम्हाला जिन्यापर्यंत पोचवायला आले तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘‘पोरगा चांगला आहे हो. पण इन्फ्रास्ट्रक्चर म्हणायचं आणि चाकणच्या चौकात तास तास गाडी हलत नाही, याला काय अर्थ आहे?’’ पुणे-नाशिक रस्त्याची सगळी जबाबदारी मेव्हण्याच्या डोक्यावर ठेवून त्यांनी जे दार लावून घेतले, ते पुन्हा उघडले नाही.

खरे सांगायचे तर त्यांना तरी दोष कसा द्यावा? आमच्या घरात तरी हे काम कुणाला कळले आहे? माझे सासरे, म्हणजे आप्पा, सातारा जिल्ह्यातून पिंपरीला आले तेव्हा इथे महापालिका व्हायची होती. ती झाली १९८२ साली. तोवर नुसती नगरपालिका होती. आप्पांनी तीस वर्षे एका कारखान्यात लेथवर काढली. त्यांच्या लेखी काम म्हणजे नग. शिफ्टमध्ये किती नग काढले आणि किती रिजेक्ट झाले, हे ज्याला सांगता येते तो माणूस कामाला आहे. बाकीचे ऑफिसात आहेत.

‘‘तू दिवसाला किती नग काढतोस?’’ त्यांनी एकदा मुलाला सरळच विचारले.

‘‘आमचं नगाचं काम नसतं, आप्पा.’’

‘‘मग प्रॉडक्शन काय तुमचं?’’

मेव्हण्याने बराच वेळ विचार केला. ‘‘काही झालं नाही, हेच आमचं प्रॉडक्शन.’’

आप्पांनी पेपर उघडून तोंडासमोर धरला. पुढचे दोन दिवस ते मुलाशी बोलले नाहीत.

(ही सगळी मंडळी मोशीला आमच्याच मजल्यावर, आमच्या दारासमोरच्या दारात राहतात. सासर समोरच्या दारात असणे या विषयावर माझा एक स्वतंत्र लेख तयार आहे. तो छापल्यावर आमची ही वाचणार नाही, एवढी हमी कोणी प्रकाशकाने दिली की मी तो देऊन टाकीन.)

माझ्यापुरते मी त्याचे काम असे समजून घेतले आहे. मी बी.कॉम., तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी. चाकणला १९९९ मध्ये बजाजचा कारखाना आला, २००९ मध्ये फोक्सवॅगनचा, पुढे महिंद्रचा. मोठे देऊळ झाले की भोवती हारवाल्यांची आणि नारळवाल्यांची दुकाने उभी राहतात, तसे या कारखान्यांभोवती सुटे भाग करणारे शेकडो लहानमोठे कारखाने उभे राहिले. त्यांतल्या एकात आमचा मेव्हणा. आता मोटारींचे मोठे कारखाने माल साठवून ठेवत नाहीत. लागेल तेव्हा, लागेल तेवढाच, तोही लागेल त्या क्रमाने दारात हजर पाहिजे. ही पद्धत जपानच्या टोयोटाने रूढ केली असे म्हणतात. आमच्या घरी कोथिंबिरीच्या बाबतीत ती फार पूर्वीपासून आहे. फोडणी तडतडायला लागली की मला पिशवी देऊन खाली पाठवतात.

तर या मालाच्या प्रत्येक खोक्यावर काळ्या रेघांचे एक लेबल लागते. लेबलावर काय छापायचे ते सर्व्हर सांगतो. सर्व्हर गप्प बसला की लेबल नाही, लेबल नाही म्हणून ट्रक गेटवर उभा, ट्रक उभा म्हणून पलीकडे मोटारींची लाइन थांबायला आलेली, आणि लाइन थांबली तर मिनिटामिनिटाचा दंड. मग रात्री अडीच वाजता समोरच्या फ्लॅटमध्ये फोन वाजतो आणि मेव्हणा पँट चढवत जिना उतरतो. कधी पंखा अडकलेला असतो, कधी डिस्क भरलेली असते. एकदा उंदराने वायर खाल्ली होती. एका खंडेनवमीला तर यंत्रपूजेच्या उत्साहात कुणीतरी सर्व्हरवर हळदकुंकू वाहिले आणि ते आतल्या पंख्याने ओढून घेतले. तो सर्व्हर आतून अजून सवाष्ण आहे, असे मेव्हणा सांगतो.

त्याच्या सुट्टीचेही असेच. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात आठवड्याची सुट्टी गुरुवारी. साऱ्या महाराष्ट्राचा रविवार आमच्याकडे गुरुवारी उजाडतो. पण कारखाना बंद असतो तेव्हाच सर्व्हर बंद करून दुरुस्त करता येतात, म्हणून गुरुवारी मेव्हण्याला हटकून जावे लागते. रविवारी कारखाना चालू, म्हणून रविवारी जावे लागते. चवथ्या स्थळाला मुलाच्या सुट्टीचा वार काय सांगायचा, यावर सध्या घरात खल चालू आहे.

आता मी पडलो बँकेतला कारकून. माणसाने कशासाठी जागावे याबद्दल माझ्या कल्पना ठाम आहेत, आणि यंत्राच्या पंख्यासाठी जागणारा माणूस मला बरीच वर्षे थोडा खुळाच वाटत असे. ते मत २०२४ च्या मार्चअखेरीस बदलले. त्या वर्षी ३१ मार्च रविवारी आला होता आणि सरकारी व्यवहार करणाऱ्या बँकांनी त्या रविवारीही शाखा उघड्या ठेवाव्यात असा रिझर्व्ह बँकेचा हुकूम होता. वार्षिक क्लोजिंग आटपून मी रात्री घरी आलो तो मेव्हणा आमच्या स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत होता.

‘‘दाजी, अर्ध्या सेकंदावरून पकडलं!’’

कुणाला, कशात, हे कळायला भाताची एक वाढ संपली. हकिगत अशी. आंद्रेस फ्रॉइंड नावाचा मायक्रोसॉफ्टमधला एक इंजिनिअर. स्वतःच्या वेगळ्याच कामात असताना त्याच्या लक्षात आले की दूरच्या यंत्रात शिरायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय. आपण असतो तर चहा घेऊन आलो असतो. हा बाबा त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागला. खणता खणता निघाले काय, तर फायली दाबून लहान करायचे एक्सझेड नावाचे साधे सॉफ्टवेअर, जगभरच्या सर्व्हरांत बसलेले, एक माणूस फावल्या वेळात फुकट सांभाळत आलेला. आणि त्या माणसाचा दोनेक वर्षे विश्वास संपादन करून कुणी अज्ञाताने त्यात चोरदरवाजा बसवून ठेवलेला! २९ मार्चला फ्रॉइंडने ते जगजाहीर केले, म्हणून तो दरवाजा बहुतेक ठिकाणी पोचायच्या आधीच बंद झाला.

मेव्हण्याला वाटले, दाजींना यातले काय कळणार. पण माझ्या हातातला घास हातातच राहिला. कारण २००४ साली मी बँकेत लागलो, त्याच्या दुसऱ्याच महिन्यात एका संध्याकाळी आमच्या शाखेचा ताळा पन्नास पैशांनी जमत नव्हता. मी खिशातून आठ आण्यांचे नाणे काढून टेबलावर ठेवले आणि म्हणालो, ‘‘घ्या, आणि चला घरी.’’ आमचे हेडक्लार्क माझ्याकडे असे पाहू लागले, की मी जणू देव्हाऱ्यात चपला घालून गेलो. ‘‘अरे, पन्नास पैसे म्हणजे पन्नास पैसे नसतात,’’ ते म्हणाले. ‘‘एक लाखाची चूक एका बाजूला आणि नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव रुपये पन्नास पैशांची चूक दुसऱ्या बाजूला, असंही असतं ते.’’ रात्री पावणेदहा वाजता फरक सापडला. त्या दिवसापासून मी फरकाला भितो. मी मेव्हण्याला हे सांगितले तेव्हा त्याने माझ्या पानात भात वाढला. आमच्या नात्यात खरा जिव्हाळा सुरू झाला तो त्या रात्री, लग्नाला सोळा वर्षे झाल्यावर.

एवढी जागरणे करणारा माणूस सुट्टीच्या दिवशी काय करील? झोपेल, असे तुम्ही म्हणाल. आमचा मेव्हणा सुट्टी मिळाली की घरी कॉम्प्युटर उघडून बसतो आणि प्रोग्रॅम लिहितो. पैशासाठी नव्हे, हौस! तो म्हणतो, लिनस टोरवाल्ड्सनेही हौस म्हणूनच सुरुवात केली होती. हा हेलसिंकीतला एकवीस वर्षांचा विद्यार्थी. १९९१ साली त्याने हौसेने लिहायला घेतलेल्या लिनक्सवर आज जगातले पाचशेच्या पाचशे अव्वल महासंगणक चालतात. यावर सासूबाईंचे म्हणणे एवढेच, की त्याचे लग्न झाले होते का.

मेव्हण्याच्या हौसेला मात्र आमच्याच घरात वाव मिळाला. त्याचा पहिला प्रयोग कुकरवर झाला. ओट्याजवळ माइक ठेवायचा, प्रोग्रॅमने शिट्ट्या मोजायच्या, तीन झाल्या की बहिणीच्या फोनवर घंटा. यंत्र अचूक मोजत असे. फक्त त्याला आमचा कुकर आणि खालच्या मजल्यावरचा कुकर यांतला भेद कळत नसे. आठवडाभर आम्ही कच्ची डाळ खाल्ली.

दुसरा प्रयोग सासूबाईंच्या एकादशीचा. रोज तिथीचा निरोप फोनवर यायचा. तो जिथून यायचा ते यंत्र परदेशात, ग्रिनिचच्या घड्याळावर चालणारे. त्याची तारीख बदलते तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. सासूबाई उठतात चारला. त्यांनी फोन पाहिला, दशमी. आदल्या रात्रीच्या पोळीचा कुस्करा करून त्या चहाबरोबर खाऊन बसल्या आणि साडेपाचला निरोप आला, ‘‘आज एकादशी.’’ बावीस वर्षांत मोडली नव्हती ती एकादशी इंग्रजांनी मोडली.

तिसरा प्रयोग पाण्याचा, आणि इथून मी जरा जपून लिहितो, कारण यात माझाही हात आहे.

पिंपरी-चिंचवडला २०१९ च्या नोव्हेंबरात एक दिवसाआड पाणी सुरू झाले. आमच्या सोसायटीत ते येते पहाटे चारच्या सुमारास. आधी खालच्या टाकीत पडते, मग मोटर लावून वरच्या टाकीत चढवायचे. हे काम रात्रपाळीच्या वॉचमनचे. लातूरकडचे गृहस्थ, वय साठीच्या पुढे. सगळी सोसायटी त्यांना मामा म्हणते. माझी मुले आपल्या सख्ख्या मामालाही मामाच म्हणतात, त्यामुळे ‘‘मामा रात्रभर जागे होते’’ असे कुणी म्हटले की कोणते मामा ते विचारावे लागते. वॉचमनमामांचा कधी डोळा लागे, मोटर चालू राही आणि वरची टाकी भरून गच्चीवर गंगावतरण होई. मग दुपारी टँकर.

मेव्हण्याने पत्त्याच्या पानाएवढा एक कॉम्प्युटर आणला. त्याचे नाव रास्पबेरी पाय. (‘‘याला पाय कुठे आहेत?’’ असे आमच्या हिने विचारून झाले आहे, तुम्ही विचारू नका.) टाकीच्या झाकणाला त्याने एक यंत्र बसवले. ते पाण्यावर आवाज सोडते आणि तो आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून पातळी ओळखते. खाली पाणी आले की मोटर आपोआप चालू, वर भरले की आपोआप बंद. दोन महिने गच्ची कोरडी. टँकरवाल्याने सेक्रेटरींना फोन करून विचारले, की सोसायटी विकली की काय.

मी सोसायटीचा खजिनदार. बँकेतला माणूस दिसला की सोसायट्या त्याला खजिनदार करतात. डॉक्टर दिसला की लोक जीभ दाखवतात तसे. वार्षिक सभेत मी हिशेब मांडला, आणि हिशेब मांडताना माझ्यातला कॉमर्स ग्रॅज्युएट जागा झाला. एका रकान्यात डब्याचा एकदाचा खर्च, दुसऱ्या रकान्यात रात्रीच्या वॉचमनचे महिना अकरा हजार. वर्षाचे एक लाख बत्तीस हजार. गेटवर कॅमेरा होताच. तक्ता इतका सुबक झाला होता की मला स्वतःलाच पुन्हा पुन्हा वाचावासा वाटला. सभासदांनी टाळ्या वाजवल्या. सोळा वर्षांत माझ्या कुठल्याच तक्त्याला टाळ्या पडल्या नव्हत्या. ठराव पुढच्या रविवारी मंजूर करायचे ठरले.

मेव्हणा शेवटच्या रांगेत बसला होता. जिना चढताना तो एवढेच म्हणाला, ‘‘दाजी, परवा आमच्याकडेपण असाच तक्ता दाखवला.’’

‘‘कसला?’’

‘‘सगळे सर्व्हर भाड्याच्या जागेत न्यायचे. क्लाउड म्हणतात. मग रात्री चाकणला पळायला कुणी नको. आम्ही तिघं आहोत, एकात भागेल. दोन रकाने होते. छान होता तक्ता.’’ आणि तो कुलूप उघडून आत गेला.

मला झोप आली नाही. बँकेत कॉम्प्युटर आणावेत असा रंगराजन समितीचा अहवाल १९८४ साली आला, तेव्हा कॉम्प्युटर म्हटले की संघटना भडकायच्या म्हणून त्याला लेजर पोस्टिंग मशीन म्हणायचे, असे आमचे हेडक्लार्क हसत हसत सांगत. मी लागलो तेव्हा आमच्या लेजर सेक्शनला सहा खुर्च्या होत्या. सगळी खाती एका जाळ्यात गेली, आणि तिथे आता पासबुक छापायचे मशीन उभे आहे. सहापैकी एक खुर्ची माझी होती. मला काउंटर मिळाला. हेडक्लार्कांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. ज्या दिवशी त्यांचा निरोपसमारंभ झाला त्या दिवशी ताळा पाच मिनिटांत जमला होता, आणि तो जमला आहे हे कुणी त्यांना येऊन सांगितले नव्हते.

रविवारी सभा भरली. मेव्हणा उठला आणि त्याने लग्नाच्या बैठकीत जे करायला हवे होते ते केले. ‘‘सिस्टीममध्ये सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर आहे,’’ तो गंभीरपणे म्हणाला. ‘‘ड्राय रन झाला तर मोटर जळेल. सेफ्टी म्हणून ह्यूमन इन द लूप कंपल्सरी आहे. मी ऑटोमॅटिक चालू होणं काढून टाकलंय. आता डबा फक्त मिस्ड कॉल देईल. मोटर माणसानेच चालू करायची.’’

यातले एक अक्षर कुणाला कळले नाही, म्हणून कुणाला विरोधही करता आला नाही. जळालेल्या मोटरीचा खर्च किती, एवढे एकाने विचारले. मी मागचापुढचा विचार न करता चाळीस हजार सांगितले. तो आकडा कुठून आला हे मला आजही सांगता येणार नाही; माझ्या आयुष्यातली ती एकमेव नोंद, जिला व्हाउचर नाही. इतिवृत्तात मी लिहिले, ‘‘तांत्रिक कारणास्तव ठराव मागे घेण्यात आला.’’

चाकणच्या तक्त्याचे पुढे काय झाले ते अजून कळलेले नाही. मेव्हण्याला अजून रात्री फोन येतात आणि आताशा फोन आला की सासूबाई कुरकुर करत नाहीत. आप्पा तर उठून बसतात आणि तो परतला की विचारतात, ‘‘चालू झालं?’’

परवा पहाटे असाच साडेतीनला फोन आला. एकटा जाऊ नकोस म्हणून मी त्याला सोडायला खाली उतरलो. उतरतो तो मोटरीचा आवाज. मेव्हणा जिन्यातच थबकला. त्याने फोन पाहिला. डब्याने मिस्ड कॉल दिलेलाच नव्हता.

पंपाजवळ वॉचमनमामा मफलर गुंडाळून स्टुलावर बसले होते.

‘‘मामा, कॉल आला का तुम्हाला?’’

‘‘न्हाई बा.’’

‘‘मग पाणी आलं हे कसं कळलं?’’

‘‘त्यो तुमचा डबा वाजतोय मागनं. आधी पाइप वाजतोय की. फुसफुस करतोय, हवा निघती. तवाच उठायचं.’’

‘‘डबा किती वेळानं वाजतो?’’

‘‘चार-पाच मिंटानं. तंवर मी बिडी वडून घेतो. कॉल आला की मग बटन दाबायचं, तुमचा डबा खोटा पडू नये म्हणून. आज म्हटलं, कोण बघतंय, दाबलं.’’

चाकणचा ट्रक गेटवर उभा असताना आमचा मेव्हणा त्या ओल्या फरशीवर गुडघे टेकून बसला आणि त्याने पाइपाला कान लावला. दोन मिनिटांनी तो उठला तेव्हा त्याच्या गालाला गंज लागला होता. बाइकला किक मारता मारता त्याने वर आमच्या गॅलरीकडे पाहून हाक मारली. आमची ही केस सावरत बाहेर आली.

‘‘ताई, तो कुकरच्या शिट्ट्यांचा माइक कुठे ठेवलायस गं?’’

‘‘लावा की,’’ स्टुलावरून मामा म्हणाले, ‘‘पर मोटर मीच लावनार.’’